जीएसएम मोजला, ताकद कोण मोजणार?

वळवाच्या वादळात चितेगाव-बिडकीन पट्ट्यातली शेडनेट पुन्हा फाटली. आलेल्या पत्रांतली तक्रार एकच आहे. अनुदानाच्या मोका तपासणीला साहेब आले, टेप लावून क्षेत्र मोजले, पाइपाचा व्यास पाहिला, बिलावरचा शेडचा टक्का आणि जीएसएम प्रपत्रात उतरवला, फोटो काढला आणि गेले. नेट किती ताणते, किती भाराला तुटते, याचा कागद ना त्यांनी मागितला ना पुरवठादाराने दिला.

जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन; ती ताकद नव्हे, हे अजून किती वर्षे सांगायचे? नेट ज्या प्लास्टिकच्या टेपने विणतात, तिच्यात कॅल्शियमची भुकटी किंवा भंगारातले प्लास्टिक वाढवले की वजन भरते आणि ताकद उतरते. एका वाचकाने पाठवलेला तुकडा टेबलावर आहे. हाताला चांगला जड लागतो. पण टेप दोन चिमटींत धरून ओढली की उभी चिरते, तंतू सुटतात, बोटांना हिरवी पूड लागते. फाट साखळीच्या टाक्यालगत सरळ लांबीत गेली आहे. राशेल विणीच्या नेटमध्ये लांबीचा भार साखळी पेलते, रुंदीचा भार आडवा घातलेला धागा, म्हणजे इनले. इनले कच्चा निघाला की नेट रुंदीकडे सैल पडते, फडफडते आणि पाइपावर घासून जाते. तेव्हा लांबी आणि रुंदी, दोन्हींची ताकद आणि ताण वेगवेगळे लिहून घ्या. सरासरीचा आकडा आपल्या कामाचा नाही. बर्स्टिंगचा, म्हणजे दाबाने फुटण्याच्या ताकदीचा, आकडा दिला तर चाचणीचे क्षेत्रफळही विचारा. 50 चौरस सेंमीवरचा आकडा आणि 7.3 चौरस सेंमीवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे ही शुद्ध फसवणूक आहे.

शेडनेटसाठी आयएस 16008 हे मानक 2016 पासून छापलेले आहे: भाग 1 टेपच्या नेटसाठी, भाग 2 मोनोफिलामेंटसाठी. तरीही दोन्ही नेट एकाच रकान्यात बसवणारे प्रपत्र चालत असेल, तर ते तयार करणाऱ्यांनी एकदा शेतावर येऊन नेट हातात धरावे.

आपल्यातल्या काहींनाही सांगणे आहे. भुरीसाठी गंधक मारताना फवारा नेटवर जाऊ देऊ नका. गंधक आणि क्लोरीन नेटमधले यूव्ही स्टॅबिलायझर निकामी करतात. मग चांगल्या नेटचीही टेप उन्हात ठिसूळ होते आणि पुरवठादार हमी नाकारायला मोकळा होतो.

पावसाळ्यानंतरची खरेदी करण्याआधी एवढे कराच. लॉट क्रमांक असलेला चाचणी अहवाल आल्याशिवाय पैसे सोडू नका. प्रत्येक रोलचा एक मीटर तुकडा कापून, त्यावर तारीख टाकून घरात अंधाऱ्या जागी ठेवा. नेट फाटले तर तो तुकडा, फाटलेला तुकडा आणि बिलाची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही दोन्ही तुकडे एकाच प्रयोगशाळेत तपासून आकडे याच पानावर छापू.