मालाला राजमार्ग, माणसाला चौकी

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे गाव पूर्वी अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून ओळखले जाई. गेल्या काही दशकांत पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील औद्योगिक वसाहत ही त्याची दुसरी ओळख झाली आहे. इटालियन नावाच्या फियाटचा मोटार कारखाना येथेच आहे. परदेशी आणि देशी भांडवल त्यात एकत्र आले, आणि यंत्रापुढे उभे राहिले ते मुख्यतः महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून आलेले तरुण. या कारखान्यात तयार झालेली जीप कंपास ही गाडी २०१७ पासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. गाडी समुद्र ओलांडते, तिच्या विक्रीचा नफा तर समुद्र ओलांडताना थांबतही नाही. प्रश्न आहे तो ती गाडी जोडणाऱ्या माणसाचा. त्याला समुद्र ओलांडायचा असेल तर काय करावे लागते, याचा विचार करण्यासारखा प्रसंग युरोपच्या नव्या प्रवासनियमांनी आणला आहे.

युरोपीय संघाने २०१८ मध्ये एक कायदा करून ‘एटियास’ नावाची प्रवास-अनुमतीची व्यवस्था ठरविली. अनेक वेळा लांबणीवर पडलेली ही व्यवस्था २०२६ च्या अखेरच्या तिमाहीत सुरू करण्याचे संघाने जाहीर केले. ज्या सुमारे साठ देशांच्या नागरिकांना युरोपात अल्पकाळ जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. अमेरिका, जपान, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, ब्राझील येथील प्रवाशाने निघण्यापूर्वी घरी बसून ऑनलाइन अर्ज भरावा, २० युरो द्यावेत आणि तीन वर्षांपर्यंत चालणारी अनुमती मिळवावी, असा हा बेत आहे. १८ वर्षांखालील आणि ७० वर्षांवरील व्यक्तींना शुल्क माफ आहे. बहुतेक अर्ज काही मिनिटांत निकालात निघतील, असेही सांगण्यात आले आहे.

या यादीत भारत नाही. भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या सामान्य प्रवाशासाठी शेंगेन व्हिसाचीच वाट आहे. जून २०२४ पासून त्याचे शुल्क ८० वरून ९० युरो झाले. अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. नोकरीचे पत्र, रजेचा दाखला, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, प्राप्तिकराची विवरणे, राहण्याच्या जागेचा पुरावा, परतीच्या तिकिटाची नोंद आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा एवढा जामानिमा जमवावा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी जातीने हजर राहावे लागते. शिरूर काय आणि दौंड काय, त्यासाठी पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागते, म्हणजे किमान एका दिवसाची मजुरी बुडते. इतके करून नकार आला तर भरलेले शुल्क परत मिळत नाही.

आता उलट बाजू पाहावी. तूरीनचा एखादा अभियंता रांजणगावास यायला निघाला, तर भारत सरकार त्याला घरबसल्या ऑनलाइन व्हिसा देते. ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि आज दीडशेहून अधिक देशांच्या नागरिकांना उपलब्ध आहे. पाहुण्याचे स्वागत करावे यात गैर काहीच नाही. पण त्याच कारखान्यातील मराठी कामगाराला त्याच यंत्राचे शिक्षण घेण्यासाठी तूरीनला जायचे असेल, तर त्याच्या वाट्याला कागदांचा भारा आणि संशयाची नजर यावी, हा व्यवहार बरोबरीचा म्हणता येणार नाही.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की, युरोपची सहल हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे त्याची चर्चा कशाला? हा आक्षेप प्रामाणिक असला तरी जुन्या चित्रावर बेतलेला आहे. कल्पना करावी की रांजणगावच्या एखाद्या कारखान्यातील जोडारीला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी मूळ देशी पाठवायचे ठरले. किंवा कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यातील कामगाराची मुलगी शिकून जर्मनीत नोकरीला लागली आणि तिच्या बाळंतपणासाठी आईला तेथे जायचे आहे. या आईच्या नावावर ना पगाराची पावती, ना प्राप्तिकराचे विवरण, ना जमिनीचा सातबारा. आयुष्यभर तिने घरात आणि रानात केलेल्या श्रमाला कोणत्याही बँकेच्या उताऱ्यात जागा नाही. सुखवस्तू माणसाला व्हिसा ही कटकट आहे. या आईला ती भिंत आहे. त्यामुळे हा प्रश्न सहलीचा नसून वर्गाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, आपल्या सीमेत कोणाला येऊ द्यावे हे ठरविण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे आणि मुदत संपूनही मागे राहणारे लोक असतातच. हा हक्क कोणी नाकारलेला नाही. परंतु हक्क आणि न्याय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माणसाची वागणूक पाहून निर्णय घेणे ही दक्षता झाली. त्याचा जन्म कोणत्या पारपत्राखाली झाला हे पाहून त्याला आधीच संशयिताच्या रांगेत उभे करणे हा भेद झाला. व्हिसा नाकारताना दिल्या जाणाऱ्या छापील कारणांपैकी एक असे असते की, अर्जदार मुदतीत परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. मनातला हेतू सिद्ध करण्याचा हा भार वाहायचा कोणी? घर, जमीन आणि शिल्लक ज्याच्यापाशी आहे त्याचा हेतू शुद्ध ठरतो, ज्याच्यापाशी फक्त दोन हात आहेत त्याचा हेतू संशयास्पद! २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख शेंगेन अर्ज गेले आणि त्यांपैकी सुमारे १ लाख ६५ हजार फेटाळले गेले. शुल्काचा जुना दर धरला आणि लहान मुलांची सवलत वजा केली, तरी न मिळालेल्या परवान्यांपोटी भारतीयांनी कोटीहून अधिक युरो मोजले असा त्याचा अर्थ होतो.

युरोपचे दार भारतीयांना नेहमीच इतके जड नव्हते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. शिरूर-दौंडला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी जखमी सोबत्यांना सुरुंगांतून वाहून आणले आणि शत्रूच्या मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कित्येक भारतीय सैनिक परतलेच नाहीत. फोर्ली येथे त्यांची युद्धस्मशानभूमी आहे. त्या वेळी इटलीच्या भूमीवर पाऊल ठेवताना त्यांच्यापैकी एकालाही कोणी विचारले नाही की, तुझी बँकेत शिल्लक किती आणि तू परत जाशील याचा पुरावा काय?

दौंडच्या रेल्वेचा इतिहासही हेच सांगतो. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील या गावातून मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि ते मोठे जंक्शन बनले. ज्या साम्राज्याने हे रूळ टाकून येथला कापूस बंदरांकडे नेला, त्याच ब्रिटनने १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांना आपले दार उघडे ठेवले होते, कारण युद्धाने मोडलेला देश उभारायला हात हवे होते. रेल्वेच्या गावांतील कित्येक अँग्लो-इंडियन कुटुंबे त्याच सुमारास तिकडे निघून गेली. पुढे १९६२ च्या कायद्याने ते दार लोटून घेण्यात आले. गरज सरली आणि वैद्य परका झाला.

आजही हाच न्याय चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि दहा हजार कुशल तरुणांना तेथे रोजगार देण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. अर्थात श्रमांची टंचाई असली की नियम सैल करता येतात, हे युरोपनेच दाखवून दिले आहे. व्यापाराच्या बाबतीत तर दार अधिकच रुंद होत आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये त्या पूर्ण झाल्याची घोषणा झाली. मालावरील जकातीसाठी इतकी वर्षे टेबलाशी बसता येते, तर त्याच टेबलावर माणसाच्या प्रवासाच्या शुल्काचा आणि सन्मानाचा विषय त्याच आग्रहाने का मांडता येऊ नये?

मात्र सगळा दोष युरोपवर टाकून मोकळे होणे सोपे असले तरी योग्य नाही. आपल्या सरकारांनीही पारपत्र हे बराच काळ मेहेरबानीचे दान मानले होते. परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग साहनी खटल्यात १९६७ मध्ये सांगितले, तेव्हा कोठे त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. १९७७ मध्ये जनता सरकारने मेनका गांधी यांचे पारपत्र जप्त करून कारणे सांगण्यास नकार दिला. त्यावर न्यायालयाने जानेवारी १९७८ मध्ये दिलेल्या निर्णयाने असे ठरले की, स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. आणीबाणीविरुद्ध लढून आलेल्या सरकारलाही हा धडा घ्यावा लागला, हे लोकशाहीवाद्यांनी विसरू नये. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील व्यवस्थेने तर दहावी उत्तीर्ण नसलेल्या श्रमिकाच्या पारपत्राचा प्रवर्गच वेगळा केला. संरक्षण हा त्यामागचा हेतू असेल, पण आपल्याच नागरिकांत शाळेच्या दाखल्यावरून दोन पंक्ती पडल्या हेही खरे.

यंत्राने हा भेद आपोआप मिटेल, अशी आशा बाळगण्यातही अर्थ नाही. शेंगेन व्हिसाचे अर्जही ऑनलाइन करण्याचा निर्णय युरोपने २०२३ मध्ये घेतला आहे. त्याने काही फेऱ्या वाचतील, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण रांग रस्त्यावरून पडद्यावर गेली म्हणून रांगेतले क्रम बदलत नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांच्या चेहऱ्याची आणि बोटांची नोंद संगणकात होऊ लागली. ज्यांना कालपर्यंत काहीच विचारले जात नव्हते, त्यांनाही आता एटियासचा अर्ज भरावा लागायचा आहे. चौकी अदृश्य होत चालली आहे, पण ती उठलेली नाही. उलट ती प्रवाशाच्या घरापर्यंत आली आहे. यंत्राने नकार दिला तर दाद मागण्यासाठी समोर माणूस असेल की नाही, हा प्रश्न भारतीय कामगाराइतकाच ब्राझीलच्या कामगाराचाही आहे.

तेव्हा करावे काय? केंद्र सरकारकडे मागणी स्पष्ट हवी. युरोपच्या नागरिकाला भारत जी सोय देतो, तिच्या तोडीची सोय भारतीयाला मिळाली पाहिजे. नकार आल्यास शुल्काचा मोठा हिस्सा परत मिळाला पाहिजे. आणि नकाराची कारणे छापील खुणांत न उरकता अर्जदाराला समजतील अशी दिली पाहिजेत. राज्य शासनाकडून जर्मनीच्या कराराचा तालुकावार हिशेब मागितला पाहिजे. शिरूर-दौंडच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून किती जणांना भाषा शिकविली आणि किती जण प्रत्यक्ष गेले, हे लोकांना कळलेच पाहिजे. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत एक कलम घालावे की, प्रशिक्षणासाठी परदेशी पाठविताना कंत्राटी कामगारालाही संधी मिळेल आणि व्हिसाचा सर्व खर्च व लागणारी पत्रे देण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची राहील.

कार्यकर्त्यांनी आजपासून करण्यासारखे कामही आहे. शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारपेठेत उद्या कोणी ‘एटियास काढून देतो’ म्हणून भारतीय पारपत्रावर पैसे मागू लागला, तर ती फसवणूक आहे, हे गावोगाव सांगितले पाहिजे. भारतीय पारपत्रावर प्रवास-अनुमती मिळत नाही, व्हिसाच लागतो. आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालयात बसून अर्ज वाचून दाखविणे, कागद लावून देणे आणि नकाराचे पत्र मराठीत समजावून सांगणे एवढे केले, तरी दलालाच्या हाती जाणारी कितीतरी घामाची कमाई वाचेल. असे नकार एकत्र नोंदविले, तर मागणीला पुराव्याचे बळही येईल.

माल, पैसा आणि नफा यांना जगभर फिरण्याची मोकळीक देणारी व्यवस्था श्रमिकाला मात्र त्याच्या पारपत्राच्या रंगावरून तोलते. ज्या दिवशी कुरकुंभच्या त्या आईला आपल्या नातवाचे तोंड पाहण्यासाठी बँकेच्या उताऱ्याची साक्ष काढावी लागणार नाही, त्या दिवशी मुक्त व्यापारातील ‘मुक्त’ या शब्दाला काही अर्थ आला असे म्हणता येईल.