खरडलेली जमीन दिसते, पण दरवर्षी वाहून जाणाऱ्या मातीचा पंचनामा कोण करणार?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाडा आणि सोलापूर भागात नदी-ओढ्याकाठच्या जमिनी अक्षरशः खरडून गेल्या. कुठे मुरूम उघडा पडला, कुठे पिकावर गाळ-वाळूचा थर बसला. ऑक्टोबरमध्ये सरकारने खरडलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची मदत जाहीर केली. पण हे झालं डोळ्यांना दिसणारं नुकसान. दरवर्षी गुपचूप जाणारी माती कुठल्याच कागदावर येत नाही.

माती जाते कशी?

जोराच्या पावसाचा मोठा थेंब सेकंदाला 8 ते 9 मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. ढेकळं फुटतात, सुटे झालेले बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात. पाणी मुरायचं थांबतं आणि उताराने पळू लागतं. आधी पातळ थर जातो, मग बोटाएवढ्या चरी पडतात, दुर्लक्ष झालं की त्याच चरीची घळ होते. सगळ्यात आधी जाते ती बारीक, कसदार माती. टाकलेलं खतही तिच्यासोबत जातं, मागे खडे उरतात.

एका एकरावरून फक्त 1 मिलिमीटर थर गेला तरी 4 घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास माती गेली. नुसत्या नजरेला ते कळतही नाही.

किती पडला यापेक्षा कसा पडला

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढाच पाऊस दिवसभर संथ पडला तर बराचसा मुरतो. उलट 40 मिलिमीटर तासाभरात कोसळला तर माती घेऊन जातो, पण अतिवृष्टीच्या यादीत तो दिवस येत नाही. त्यात जूनचे पहिले पाऊस नांगरलेल्या उघड्या रानावर पडतात. थेंब झेलायला पीकच नसतं.

ही माती ओढ्याने तलावात जाते. पाणी मंदावलं की आधी वाळू, मग गाळ बसतो आणि साठवण घटते. पुढे तोच गाळ रानात परत आणायला ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकांना एकरी 15 हजार रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत अनुदान दिलं जातं.

त्यापेक्षा माती रानातच अडवणं स्वस्त. उताराला आडवी पेरणी, सोयाबीनला रुंद वरंबा-सरी, काडीकचरा न जाळता रानातच ठेवणं, पाणी निघतं तिथे गवताचा पट्टा आणि फुटलेले बांध मे महिन्यातच दुरुस्त करणं, हे शेतकऱ्याच्या हातात आहे. पण वरच्या शेताचं पाणी खालच्या शेतात येतं, त्यामुळे एकट्याचा बांध टिकत नाही. म्हणून पाणलोटाची कामं माथ्यापासून पायथ्यापर्यंत गावच्या आराखड्यात यायला हवीत, आणि तो विषय पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेतच निघायला हवा.