हात लहान, म्हणून मान अरुंद?

सध्या आमच्या घरात नातवाच्या बेस गिटारचा विषय गाजतो आहे. "त्याचे हात लहान, तेव्हा अरुंद नेकचीच घ्या," असे सगळ्यांचे मत. नेक म्हणजे गिटारची मान, जिच्यावर डावा हात फिरतो. मला हे मत अर्धेच पटते.

वरच्या टोकाला, नटापाशी, फेंडरच्या जॅझ बेसची मान सुमारे ३८ मिलिमीटर रुंद, तर प्रिसिजन बेसची बहुधा ४१ ते ४४. अरुंद मानेवर जाड तारेपर्यंत बोट सहज पोचते, मनगट कमी वळते. पण तारा जवळ येतात आणि बोट शेजारच्या तारेला लागते. लहान हाताला खरा ताण पडतो तो लांबीचा, पहिल्या चार पडद्यांवर चार बोटे पसरताना. तारेची लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० इंच असली की तो हलका होतो. रुंदी घटवून तो जात नाही.

तेव्हा नातवालाच दुकानात न्यावे. बसून, मग पट्टा लावून उभ्याने, दहा मिनिटे वाजवू द्यावे. हात दुखला की मूल "मला जमत नाही" म्हणते आणि वाद्य कोपऱ्यात जाते. चप्पल आपण पायात घालूनच घेतो ना?