25.2 व्होल्टचं खेळणं

या अंकात आउटरिगर आणि स्केल वर्गाच्या नियमांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या महिन्यावर गेलं, कारण पुणे, नाशिक, कोल्हापूर, जिथून म्हणून पत्रं आली तिथून तक्रार एकच आहे. परदेशातून मागवलेली हायड्रो, म्हणजे रेडिओ कंट्रोल रेसिंग हायड्रोप्लेन, कुरिअरच्या गोदामात अडकते आणि सोडवायला गेलं की खेळण्यांचा बीआयएस परवाना मागितला जातो. एका वाचकाच्या 6एस रिगरचं गोदामभाडं वाढत वाढत हलच्या किमतीपुढे गेलं. शेवटी त्याने पार्सलवर पाणी सोडलं. वर्षभर पैसे साठवून मागवलेली बोट होती ती.

मूळ आहे सीमाशुल्काच्या 9503 या शीर्षकात. मुलांची तिचाकी, बाहुल्या, कोडी आणि लहान आकाराच्या चालत्या-न चालत्या प्रतिकृती, सगळं त्याच एका शीर्षकाखाली बसवलेलं आहे. त्यामुळे खेळण्यांवर जे शुल्क, ते आपल्यावर. 2020 मध्ये ते 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 च्या अर्थसंकल्पात 70 वर. हे जड आहे, अन्यायाचंही आहे, पण निदान पैसे मोजले की विषय संपतो. परवान्याचं तसं नाही. तो कितीही पैसे मोजून मिळणार नाही, आणि यामागचं कारण आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश 2020 चा, अंमल 1 जानेवारी 2021 पासून. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांना आयएस 9873 आणि विजेवर चालणाऱ्यांना आयएस 15644 लागू. आता 15644 पाहा. ते आंतरराष्ट्रीय आयईसी 62115 वर बेतलेलं आहे आणि त्यात खेळण्याच्या व्होल्टेजला 24 ची मर्यादा आहे. आपला क्यू वर्ग 6एसवर, म्हणजे सहा सेलच्या पॅकवर चालतो. पॅक पूर्ण चार्ज झाला की मीटरवर 25.2 दिसतात. 8एसचा तर नाममात्र आकडाच 29.6 आहे. म्हणजे 8एस किंवा त्यावरची, एस किंवा टी वर्गाची हायड्रो या मानकात बसूच शकत नाही. जे प्रमाणपत्र अस्तित्वात येणं शक्य नाही, ते आणून दाखवा म्हणून पार्सल अडवलं जातं.

नायट्रो आणि पेट्रोलवाल्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. आयएस 9873 चा पहिला भाग ज्या आयएसओ 8124-1 वरून घेतला, त्याच्या व्याप्तीतूनच ज्वलन इंजिनावर चालणारी विमानं, बोटी आणि गाड्यांची मॉडेल्स वगळलेली आहेत. मानक करणाऱ्यांना हा फरक कळत होता. त्यांनी तो लिहून ठेवला. तरीही .67 इंजिनाच्या 1/8 स्केल बोटीला इथे तोच परवाना विचारला जातो, कारण समोरच्या कागदावर 9503 हा आकडा आहे आणि त्यापलीकडे वाचायची कोणाची तयारी नाही.

शिवाय बीआयएसचा परवाना बोटीला मिळत नाही, तो कारखान्याला मिळतो. परदेशी उत्पादकाने अर्ज करायचा, तपासणी करून घ्यायची, शुल्क भरायचं. आपण ज्यांच्याकडून हल घेतो ती बहुतेक एकट्या माणसाची वर्कशॉप्स आहेत. भारतात जाणाऱ्या एका हलसाठी त्यातला कोण हे करील?

या सगळ्याचं उत्तर आदेशाच्या व्याख्येतच आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेली वस्तू म्हणजे खेळणं. मिनिटाला तीस हजारांवर फिरणारा, धार लावलेला बेरिलियम-कॉपरचा प्रॉप कोणत्या मुलाच्या हाती द्यायचा? मोठ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सुरुवातीलाच छापलेलं असतं की ही वस्तू 14 वर्षांखालील मुलांसाठी नाही. मोठ्या हायड्रोप्लेनचा शर्यतपटू बिल मंसी याचा जीव 1981 मध्ये अकापुल्कोला ज्या ब्लोओव्हरमध्ये गेला, तो सरळ रेषेत आपल्या बोटींनाही होतो. नाकाखाली हवा शिरली, सीजी (गुरुत्वमध्य) थोडा मागे असला की शंभराच्या वेगातली दोन-तीन किलोंची बोट हवेत असते आणि कुठे पडेल याचा नेम नसतो. म्हणून तर आपण काठापासून अंतर ठेवतो आणि हीट चालू असताना कोणाला पाण्यात उतरू देत नाही. हे अधिकाऱ्याला समजावून सांगावं लागतं, याबद्दल तक्रार नाही. सांगितलेलं ऐकून न घेता तोंडी नकार देऊन पुढच्या टेबलाकडे पाठवलं जातं, ही तक्रार आहे.

आता आपल्या लोकांबद्दल. नियम नीट वाचण्याऐवजी निम्म्या मंडळींनी चोरवाटा धरल्या आहेत. कोणी पाठवणाऱ्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगतो. अरे, भेट म्हणून येणाऱ्या पार्सलची शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. कोणी किंमत निम्मी दाखवतो, कोणी हायड्रोला ‘प्लास्टिक पार्ट्स’ म्हणतो. असं एक पार्सल उघडलं गेलं की पुढच्या दहा प्रामाणिक लोकांकडे चोर म्हणून पाहिलं जातं. शिवाय खोटं लिहिलेल्या कागदावर अपील करता येत नाही. हा प्रकार थांबला पाहिजे, आणि या मासिकाच्या वाचकांपासून थांबला पाहिजे.

वस्तूचं खरं वर्णन लिहा: रेडिओ कंट्रोल रेसिंग हायड्रोप्लेन, व्होल्टेज किती, वजन किती. सोबत मॅन्युअलचं वयाची अट असलेलं पान जोडा आणि आदेशातल्या व्याख्येची प्रत जोडा. तरीही नकार आला तर तोंडी घेऊ नका. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणे तुमच्या मूल्यांकनाविरुद्ध फेरमूल्यांकन केलं तर अधिकाऱ्याला 15 दिवसांत सकारण लेखी आदेश द्यावा लागतो. तो मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आदेश हाती आला की 60 दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं. कागद मागणारा आयातदार समोर उभा राहिला की टेबलापलीकडचा सूर बदलतो, हे ज्यांनी केलं आहे त्यांना विचारा. ट्रान्समीटरला लागणाऱ्या ईटीए मंजुरीचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे मिसळू नका.

आणि हल इथे का होत नाहीत? भोसरी-चिंचवडला फायबरचे साचे काढणारे कारागीर हाताशी आहेत. व्हॅक्यूम बॅगिंग येणारी मुलं एरोमॉडेलिंगमध्ये आहेत. मोटर, ईएससी, फ्लेक्स शाफ्ट बाहेरून येऊ देत, पण स्पॉन्सनचा कोन तीन अंशांवर धरून रिगर बांधायला सिएटलला विचारायची गरज नाही. एक साचा चार जणांनी खर्च वाटून काढला तर वर्षभरात हीट भरेल एवढ्या बोटी होतील. जो गट पहिला साचा काढील त्याची मोजमापं, चुका आणि खर्चासकट, या मासिकात पूर्ण छापू. टर्न फिन मात्र उजव्या स्पॉन्सनवर लावा. गेल्या हंगामात दोघांनी मोठ्या बोटींचे फोटो पाहून ते डावीकडे बसवलं आणि पहिल्याच बॉयला बोटी फिरल्या.

उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाकडे सामूहिक निवेदन द्यायचं आहे. मागणी एकच: 24 व्होल्टवरील आणि इंजिनवरील स्पर्धात्मक मॉडेल्स या आदेशात येत नाहीत, असं लेखी स्पष्टीकरण. त्यासाठी अडवलेल्या पार्सलचे कागद हवेत, म्हणजे बिल ऑफ एंट्री, क्वेरी, गोदामभाड्याच्या पावत्या. नावं खोडून पाठवलीत तरी चालेल, तारखा आणि रकमा मात्र खोडू नका. 10 तारखेच्या आत पाठवा.