सही करण्याआधी तार मोजा



सौर पंपाच्या जाहिरातीत प्लेटा दिसतात, पाण्याची धार दिसते, हसरा शेतकरी दिसतो. प्लेटांपासून विहिरीपर्यंत गेलेली तार मात्र दिसत नाही. आणि जिथे कुणाची नजर जात नाही, तिथेच ठेकेदाराचा पैसा वाचतो.

२०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली, २०२४ साली राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. बाकीचे सरकार देते, मग मिळेल ते मुकाट्याने घ्या, असे आम्हाला सांगतात. आम्ही विचारतो, सरकारच्या तिजोरीत पैसा येतो कुठून? खतापासून डिझेलपर्यंत कर आम्हीही भरतो. ही खैरात नाही. कामाचा हिशेब मागणे हा आमचा हक्क आहे.

तर हिशेब मांडा. ५ एचपीच्या पंपाला साधारण ४८०० वॅटच्या प्लेटा बसतात. आठ-आठच्या दोन माळा जोडल्या की ऐन दुपारी सोळा अँपियरच्या आसपास करंट येतो. गाडी पोचते तिथे प्लेटा उभ्या केल्या आणि कंट्रोलर १०० मीटरवर विहिरीपाशी टांगला, तर जाऊन-येऊन २०० मीटर तार झाली. ती ४ चौरस मिलिमीटर तांब्याची एकच जोडी असेल, तर सव्वादोनशे वॅट नुसती तार तापवण्यात जातात. म्हणजे शेकडा पाच! १० चौरस मिलिमीटरची तार टाकली तर हीच तूट नव्वद वॅटवर येते. त्याच जाडीची ॲल्युमिनियमची असेल तर तूट दीडपटीहून जास्त. दहा वाजता ऊन कोवळे असताना पंप उचलत नाही, त्याचे एक कारण इथेही असू शकते.

प्लेटा विहिरीजवळ हव्यात, पण सावलीत नकोत. रब्बी ज्वारीला पाणी लागते डिसेंबरात, आणि तेव्हाच सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा भर बारा वाजताही झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीइतकी पडते. दक्षिणेच्या धुऱ्यावरचा निंब एका प्लेटेवर आला की अख्खी माळ मंदावते. अशा ठिकाणी प्लेटा लांब न्या, पण तार जाड घ्या.

कंट्रोलरच्या पोटातच इन्व्हर्टर असतो. वैशाखाच्या उन्हात पत्र्याची पेटी तापली की तो आपोआप जोर कमी करतो. त्याची जागा प्लेटांच्या मागच्या सावलीत, वारा लागेल अशी हवी. तार पाइपातून, वखर-नांगर पोचणार नाही इतकी खोल हवी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, उंदीर तार कुरतडतात. आणि प्लेटांच्या डीसी करंटची ठिणगी सहजी विझत नाही, म्हणून मातीखाली सांधा नकोच.

हमी पाच वर्षांची आहे, तूट मात्र पंप चालेल तितकी वर्षे सोसायची आहे. म्हणून गावोगावच्या बैठकीत ठराव करा : खोदण्याआधी कागदावर नकाशा हवा. त्यात प्लेटांची जागा, कंट्रोलरची जागा, अंतर मीटरमध्ये आणि तारेची जाडी लिहिलेली हवी. नाली बुजवण्याआधी आम्ही तार मोजणार. मोजल्याशिवाय आणि पाणी पडल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या कागदावर एकाही शेतकऱ्याची सही होणार नाही.