तीच गोळी, निराळे काम

मागील उन्हाळ्यात करमाळ्यात माझ्याकडे पंच्याहत्तरीचे एक गृहस्थ सुनेसमवेत आले. उजनीच्या फुगवट्याकाठी त्यांची केळीची बाग आहे. मांड्यांवर, पोटावर आणि दंडांवर बोराएवढे टणक फोड आले होते, आणि खाजेने रात्रीची झोप उडाली होती. त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना डॉक्सीसायक्लिन लिहून दिली होती व ती काही महिने घ्यावयाची होती. सातव्या दिवशी नातीने पाकीट पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, ही तर माझी मुरमांची गोळी!" सूनबाईंना शंका आली. ताप नाही, पू नाही, मग इतके दिवस ॲंटिबायोटिक कशासाठी? त्यांनी गोळी थांबवली, आणि पंधरवड्यात नवे फोड उठले.

सूनबाईंना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ॲंटिबायोटिक म्हणजे जंतुनाशक, पाच-सात दिवसांचे औषध, असे आपणच लोकांना शिकवले. ही गोळी येथे जंतूंसाठी नाही, एवढे एक वाक्य त्यांना कोणीतरी सांगावयास हवे होते.

आजोबांच्या विकाराचे नाव बुलस पेम्फिगॉइड. उतारवयातच तो अधिक आढळतो. शरीराची संरक्षणयंत्रणा त्वचेचे थर जोडून ठेवणाऱ्या घटकांवरच उलटते. तो संसर्गजन्य नाही, त्यामुळे नातवंडांना दूर ठेवण्याचे कारण नाही. स्टिरॉइड हा त्यावरील जुना व प्रभावी उपाय. परंतु या वयात स्टिरॉइडने साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. ब्रिटन व जर्मनीतील २५३ रुग्णांवर या दोन औषधांची तुलना झाली व ती २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांनी स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी ९१ टक्के, तर डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के रुग्णांचे फोड आटोक्यात होते. मात्र वर्षभरातील औषधजन्य गंभीर त्रास पहिल्या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात १८ टक्के. म्हणजे थोडे उणे पडणारे औषध जाणूनबुजून निवडलेले असते. फार अशक्त वृद्धाच्या बाबतीत मलाही ती निवड योग्य वाटते.

जंतू नसताना ही गोळी करते काय? अमेरिकेतील स्टोनी ब्रूक विद्यापीठातील लॉर्न गोलब यांनी १९८०च्या दशकात मधुमेही उंदरांच्या हिरड्या तपासल्या. टेट्रासायक्लिन गटातील औषधाने हिरड्यांचे कोलॅजन कुरतडणारे विकर मंदावले. पूर्णतः जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही तेच घडले! जंतू मारण्याशी या गुणाचा संबंध नाही, हे त्यातून दिसले. पुढे हिरड्यांच्या विकारासाठी २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देण्याची पद्धत निघाली. ही मात्रा जंतू मारण्यास अपुरीच असते.

खरे तर ॲंटिबायोटिक हे नाव औषधाचे मूळ सांगते. एका सूक्ष्मजीवाने बनवलेला, दुसऱ्याला रोखणारा पदार्थ, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कारखान्याचे नाव आपल्या पिढीला पेनिसिलिनमुळे ठाऊक आहे. तेथेच १९६१च्या सुमारास थिरुमलाचार यांनी हॅमायसिन शोधले, आणि ते बुरशीवर चालते. ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालेले रॅपामायसिनही आरंभी बुरशीनाशकच होते. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्र सेहगल यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९९९पासून ते मूत्रपिंडरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिले जाते.

आपल्या वाचकांच्या घरांत आणखी दोन औषधे अशा वेगळ्या कामासाठी येऊ शकतात. जुन्या मधुमेहात जठर मंदावते, दोन घासांतच पोट फुगते. तेव्हा एरिथ्रोमायसिन जठराला गती देते, पण हा गुण काही आठवड्यांत ओसरतो. सीओपीडी, म्हणजे चुलीच्या वा विडीच्या धुराने जुनावलेला दमा, वरचेवर उसळत असेल तर ॲझिथ्रोमायसिन दीर्घकाळ देतात. २०११च्या एका अमेरिकी अभ्यासात रोज २५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत वर्षाकाठी दम्याच्या उसळ्या सरासरी १.८३ वरून १.४८ वर आल्या. लाभ आहे, पण माफक. त्यापूर्वी ईसीजी व थुंकीची तपासणी हवीच. शिवाय दीर्घ वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणून हा निर्णय घरच्या घरी घेऊ नये, आणि उरलेली पट्टी शेजारच्या खोकल्यासाठीही देऊ नये.

एरिथ्रोमायसिन चालू असताना कोलेस्टेरॉलची वा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर डॉक्टरांना आठवणीने सांगावे. डॉक्सीसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. लोहाची व आम्लपित्ताची औषधे वेगळ्या वेळी द्यावीत. या गोळीने ऊन फार बाधते, म्हणून बागेत जायचेच तर पूर्ण बाह्यांचा सदरा व डोक्याला पंचा हवा. ॲझिथ्रोमायसिन घेणारे आजोबा टीव्हीचा आवाज वाढवू लागले, तर ते वयाचे लक्षण समजून सोडून देऊ नये. तेव्हा कान तपासून घ्यावेत.

आमच्या आजोबांची गोळी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाली. सूनबाईंनी आता डब्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: "फोडांसाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही." नातीच्या गोळ्या दुसऱ्या कप्प्यात गेल्या आहेत.