जातीच्या रकान्यातील शब्द आणि शिष्यवृत्तीचा हक्क

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले म्हणजे वकिलाच्या मेजावर फिर्यादी-कैफियतींच्या जोडीला विद्यार्थ्यांचे कागदही येऊ लागतात. अशाच एका विद्यार्थ्याचे कागद परवा आमच्यापुढे आले. मुलगा बी. ए. च्या प्रथम वर्षाचा. बाप दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म ‘बौद्ध’ आणि जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’. बापाच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला तेव्हा कचेरीने विचारले, मूळ जात कोणती आणि तिला पुरावा काय? आजोबांनी उत्तर दिले, “जी जात आम्ही 1956 साली नागपुरास टाकून आलो, तिचे नाव नातवाच्या कागदावर मी लिहू देणार नाही.” प्रमाणपत्र अडले, त्यावाचून शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, आणि महाविद्यालयाने फीचा तगादा लावला.

या वृद्ध उपासकाच्या स्वाभिमानापुढे आम्ही नतमस्तक आहोत. ज्याने 14 ऑक्टोबर 1956 रोजी आपला जन्मसिद्ध कलंक झुगारून दिला, त्यास पुन्हा त्या कलंकाचे नाव उच्चारावयास लावणे क्लेशकारक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यांच्या उत्तरात कायद्यासंबंधी एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो एका घरापुरता नाही. दरवर्षी कित्येक बौद्ध विद्यार्थी याच गैरसमजापायी आपल्या हक्कास मुकतात. म्हणून आज या स्तंभातून आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम इतिहास पाहू. राष्ट्रपतींनी 1950 साली अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे ठरविले. 1956 साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी लक्षावधी लोकांनी बुद्धास शरण जाऊन धम्म स्वीकारला, आणि त्याच क्षणी ते केंद्राच्या सवलतींच्या यादीतून वगळले गेले. याचा कायदेशीर परिणाम किती कठोर होता, हे पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम या खटल्यात दिसून आले. 1962 च्या निवडणुकीत नागपुरातील राखीव जागेवर निवडून आलेल्या उमेदवाराने धम्मदीक्षा घेतली होती. धर्म ‘मानणे’ म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे, असा अर्थ लावून सर्वोच्च न्यायालयाने 1964 साली निर्णय दिला की तो उमेदवार अनुसूचित जातीचा राहिलेला नाही. दीक्षाभूमीवरील प्रतिज्ञा न्यायालयाने खरी मानली. पण त्या खरेपणाची किंमत आपल्या समाजाने मोजली.

महाराष्ट्र राज्य 1960 साली स्थापन झाले, तेव्हा यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्याच्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस दिल्या. ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून आपल्या कचेऱ्यांत रूढ आहे. केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. ते उघडण्यास 1990 साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्यानंतर ‘बौद्ध’ हा शब्द घातला. धम्मदीक्षेपासून तोवर चौतीस वर्षे लोटली होती. एका पिढीचे सारे विद्यार्थिजीवन या अवधीत संपून गेले.

आता या दुरुस्तीचा अर्थ नीट ध्यानात घ्या. कायदा असे म्हणत नाही की बौद्ध ही एक अनुसूचित जात आहे. धर्माला जात नसते, आणि बुद्धाच्या धम्माला तर नाहीच नाही. कायदा इतकेच म्हणतो की यादीतील जातीत ज्याचा अथवा ज्याच्या पूर्वजांचा जन्म झाला, त्याने बौद्ध धर्म मानला तरी त्याचे संरक्षण जाणार नाही. संविधानाच्या 341 व्या कलमाखालील यादी जातींच्या नावांनीच बनलेली आहे. म्हणून केंद्राच्या प्रमाणपत्रात मूळ जातीचे नाव यावे लागते. केवळ ‘नवबौद्ध’ एवढ्या शब्दावर तेथे निभाव लागत नाही. ते नाव म्हणजे आजची ओळख नव्हे, कालच्या अन्यायाची साक्ष होय. मारहाणीच्या खटल्यात जखमी मनुष्य आपली जखम न्यायाधीशास दाखवितो, तेव्हा तो त्या जखमेचा अभिमान बाळगतो असे कोणी म्हणत नाही. आपण धर्म बदलला. गावाने आपली नजर बदलली नाही. जोवर ती नजर बदलत नाही, तोवर जखम दाखविण्याचा आपला अधिकार कायम आहे.

या बाबतीत आपल्या समाजात दोन परस्परविरुद्ध चुका होत आहेत. पहिली चूक वर सांगितलेल्या आजोबांची, स्वाभिमानातून झालेली. दुसरी चूक भीतीतून होते, आणि ती आम्हांस अधिक खटकते. घरात बुद्धाची मूर्ती, विवाह बौद्ध पद्धतीने, मुखी बावीस प्रतिज्ञा. आणि अर्जावर धर्म मात्र ‘हिंदू’. विचारावे तर उत्तर मिळते, “बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, असे पूर्वीपासून ऐकले आहे.” ती गोष्ट 1990 पूर्वीची. आज बौद्ध असूनही शपथपत्रावर ‘हिंदू’ लिहिणारा मनुष्य सवलत वाचवीत नाही. तो आपल्या सवलतीच्या मुळाशी एक असत्य विधान पेरून ठेवतो. धर्माच्या रकान्यात निर्भयपणे ‘बौद्ध’ लिहावे आणि मूळ जातीच्या रकान्यात निःसंकोचपणे जे सत्य असेल ते लिहावे. दोन्ही रकाने खरे भरणे, हाच धर्म आणि हाच कायदा.

पुराव्याचा प्रश्न उरतो. महाराष्ट्राच्या 2000 च्या जातप्रमाणपत्र कायद्याने सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला आहे, आणि अनुसूचित जातींसाठी पूर्वजांच्या वास्तव्याची निर्णायक तारीख 10 ऑगस्ट 1950 ही आहे. पूर्वज शाळेत गेलेले नसतील तर जन्ममृत्यूच्या जुन्या गावनोंदी शोधाव्यात, कोतवाल बुकाची नक्कल काढावी, जमिनीचे व वतनाचे कागद पाहावेत. ज्या महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, त्याच वतनाच्या नोंदी आज नातवंडांच्या शिक्षणाचा पुरावा ठरत आहेत! जो कागद आजोबांना बांधून ठेवीत होता, तोच आता नातवास मोकळा करील. आमच्यापुढील प्रकरणातही अखेर खापरपणजोबांच्या नावाची अशीच एक जुनी नोंद सापडली. ती पाहून आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतः अर्जावर अंगठा उठविला.

आता पात्रतेकडे वळू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो, ती गुणवत्तेचे पारितोषिक नव्हे. पहिला वर्ग मिळवा, मग अर्ज करा, अशी तिची अट नाही. अनुसूचित जातीचा असणे, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला असणे आणि आईबापांचे उत्पन्न मर्यादेत असणे, हा तिचा गाभा. तीत शिक्षणशुल्कासारखी परत न मिळणारी सक्तीची फी मिळते आणि वर निर्वाहभत्ताही मिळतो. 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी बी. ए., बी. कॉम. सारख्या सामान्य पदवी अभ्यासक्रमासाठी वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला 6,000 रुपये आणि घरून येणाऱ्यास 3,000 रुपये ठरविले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. तिचाही अर्ज पात्र विद्यार्थ्याने चुकवू नये.

6,000 रुपये म्हणजे दिवसाला सोळा रुपये. एवढ्यात एका वेळचे जेवणही होत नाही, हे आम्ही सरकारला निराळे सांगावयास नको. उत्पन्नाची मर्यादा 2013 साली अडीच लाख झाली आणि 2021 च्या सूचनांनी तीच कायम ठेवली. महिना एकवीस हजार मिळविणारा नगरपालिकेचा सफाई कामगार या हिशेबाने सधन ठरतो! मर्यादेवरील विद्यार्थ्यास राज्याकडून शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी मिळू शकते; परंतु या योजनेचा निर्वाहभत्ता त्यास मिळत नाही. उलट 2019 साली आर्थिक दुर्बलांचे आरक्षण निर्माण करताना याच केंद्र सरकारने आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नास दुर्बल मानले. एक मर्यादा आरक्षणाची व दुसरी शिष्यवृत्तीची, हा भेद आम्हांस समजतो. पण गरिबी मोजण्याची दोन मापे एकाच राज्यसंस्थेच्या हाती का असावीत, याचे उत्तर आम्हांस हवे आहे.

याहून मोठे दुखणे विलंबाचे. 2021 च्या पद्धतीत खर्चाचे चाळीस टक्के राज्याने व साठ टक्के केंद्राने द्यावयाचे, आणि राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राने आपला वाटा विद्यार्थ्याच्या खात्यात भरावयाचा. त्या सूचनांत आगाऊ फी न घेता प्रवेश देण्यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूद केली, हे योग्यच झाले. तथापि पैसा उशिरा आला म्हणजे महाविद्यालयाच्या लेखी विद्यार्थीच ऋणको ठरतो. मग परीक्षेचे प्रवेशपत्र, गुणपत्रक यांचा अडवणुकीसाठी उपयोग होऊ लागतो. सरकारची थकबाकी सतरा-अठरा वर्षांच्या पोराकडून वसूल करण्याचा हा प्रकार कोणत्या न्यायात बसतो?

शिष्यवृत्ती खंडित होणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावयास नको. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे तिची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. तो पुरा करण्यासाठी 1920 साली स्वतःची बचत, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साह्य गोळा करून ते पुन्हा गेले. त्यांच्यापाशी ते धैर्य होते. पण ज्या व्यवस्थेत शिक्षण पुरे करण्यासाठी प्रत्येक मुलास बाबासाहेब व्हावे लागते, ती व्यवस्था सदोष आहे. म्हणूनच 1942 च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले, आणि त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून द्रव्य मागितले. 1944 साली ही शिष्यवृत्ती सुरू झाली. ती कोणा दात्याची खिरापत नव्हे; तो आपल्या बापाने मागून घेतलेला वाटा आहे.

तेव्हा सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. उत्पन्नाची मर्यादा व निर्वाहभत्ता महागाईच्या मानाने ठरावीक काळाने आपोआप वाढावा. शिष्यवृत्ती शैक्षणिक वर्ष संपण्यापूर्वी हाती पडावी. ती थकल्यास विद्यार्थ्याचा एकही कागद अडविता येऊ नये.

आणि आमच्या बांधवांकडेही एक मागणी आहे. प्रत्येक बुद्धविहारात प्रवेशाच्या दिवसांत रविवारच्या वंदनेनंतर दोन तास एक मेज मांडा. गावातील शिक्षक, कारकून, वकील यांनी आळीपाळीने तेथे बसावे, मुलांचे कागद तपासावेत, महाडीबीटीवरचा अर्ज भरून द्यावा, जुन्या नोंदींसाठी तालुक्यास जाणाऱ्या बापासोबत जावे. आपल्यापैकी पुष्कळजण याच शिष्यवृत्तीवर शिकले. ते ऋण पैशाने फिटत नाही. ते असे बसून, दुसऱ्याच्या मुलाचा रकाना नीट भरून फिटते.

त्या वृद्ध उपासकास आम्ही सांगितले, तेच वाचकांस सांगतो. जात आपण टाकली आहे, ती टाकलेलीच राहील. कागदावर तिचे नाव लिहावयाचे ते तिला परत बोलावण्यासाठी नव्हे, तिच्याकडून आपले येणे वसूल करण्यासाठी.